सभामंडपाच्या चार पायऱ्या

नवरात्र असो वा गणेशोत्सव, आमच्या मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेत अलीकडे एक सदर हमखास दिसू लागले आहे: ‘दिव्यांग कलाकारांचे विशेष नृत्य’. ते बहुधा दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांची भाषणे यांच्या मध्ये कुठेतरी बसवलेले असते. नर्तकीला खुर्चीसकट चौघे उचलून व्यासपीठावर नेतात, निवेदक तिच्या नृत्यापेक्षा तिच्या दुर्दैवाचेच वर्णन अधिक करतो, प्रेक्षक डोळे पुसतात, शाल-श्रीफळ होते आणि मानधनाचा विषय निघाला की सर्वांना एकाएकी सेवाभाव आठवतो. या सोहळ्याला सर्वसमावेशक म्हणण्याची पद्धत पडली आहे. आमच्या मते हा समावेश नव्हे. हा सभ्य भाषेत केलेला बहिष्कार होय.

या बहिष्काराच्या पाठीशी दोन आवाज उभे असतात. पहिला शास्त्राचा. नृत्य ही देवाची पूजा, तिच्यात व्यंग खपत नाही, असे सांगून काही जाणकार नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’कडे बोट दाखवतात. त्या ग्रंथात नर्तकीचे दहा दोष सांगितले आहेत, हे खरे; परंतु यादी पुरती वाचावी. विरळ केसांची, जाड ओठांची, अतिस्थूल, अतिकृश, फार उंच, फार ठेंगणी, आवाज नसलेली अशा साऱ्याच तेथे अपात्र ठरतात. कुबड हा त्यांतला केवळ एक दोष. ही यादी आज अक्षरशः लावली तर किती रंगमंच ओस पडतील! उरलेले दोष आपण काळाच्या ओघात मुकाट्याने सोडून दिले आणि शरीराचे व्यंग तेवढे ध्यानात ठेवले. दस्तऐवजातील बहुतेक अटी ज्याने स्वतःच्या सोयीने मोडल्या, त्याने उरलेली एक अट दुबळ्या पक्षावर बजावू पाहणे याला आमच्या व्यवसायात अप्रामाणिकपणा म्हणतात.

शास्त्रच हवे असेल तर भागवताचा दशम स्कंध उघडावा. मथुरेच्या राजमार्गावर श्रीकृष्णाला कुब्जा भेटते. कंसासाठी नेत असलेली उटी ती त्याला देते, तो ती आनंदाने अंगाला लावतो आणि त्यानंतर तिची पाठ सरळ करतो. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी सेवेचा स्वीकार, मग देहाचा विचार. आम्ही मात्र हा क्रम उलटा केला आहे: आधी पाठ सरळ कर, मग देवापुढे ये.

दुसरा आवाज कलेच्या दर्जाचा. अशांना घेतले तर दर्जा खालावेल, असे तो म्हणतो. मुंबईच्या सुधा चंद्रन या भरतनाट्यम् शिकलेल्या मुलीचा उजवा पाय १९८१ सालच्या बस-अपघातानंतर कापावा लागला. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे शल्यविशारद यांनी घडवलेल्या जयपूर पायावर त्या पुन्हा उभ्या राहिल्या, नाचल्या, आणि १९८५ साली त्यांच्याच जीवनावरील ‘मयूरी’ या तेलुगू चित्रपटात त्यांनी स्वतः भूमिका केली. सय्यद सल्लाउद्दीन पाशा यांनी तर रामायण चाकांच्या खुर्च्यांवरून रंगमंचावर आणले. लंडनमध्ये १९९१ साली स्थापन झालेली ‘कॅन्डूको’ मंडळी अपंग आणि धडधाकट नर्तकांना एकत्र नाचवते. चाकाची गिरकी ही पायाच्या गिरकीची केविलवाणी नक्कल नव्हे. तिची लय निराळी, तिचा तोल निराळा. तेव्हा दर्जाचे माप अवश्य लावावे. पण ते सर्वांना लावावे. ताल चुकला तर चुकला म्हणावे. चुकीवरही टाळ्या वाजवणारा प्रेक्षक कलावंताचा सन्मान करीत नसतो; तो तिला कलावंत मानतच नसतो.

शिवाय टाळ्यांनी व्यवस्था बदलत नाही. देशभर गाजलेल्या त्याच सुधा चंद्रन यांना, विमानतळावरील तपासणीत दर वेळी कृत्रिम पाय काढावा लागतो, अशी जाहीर तक्रार २०२१ साली करावी लागली.

कायद्याने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा अधिनियम कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवनातील सहभाग सुलभ करण्याचे कर्तव्य शासनावर आणि स्थानिक संस्थांवर टाकतो, आणि त्यात नृत्याचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. त्याच अधिनियमातील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक आणि सांस्कृतिक कार्याच्या इमारती येतात, मग त्या खाजगी का असेनात. नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या इमारती सुगम करण्यासाठी दिलेली पाच वर्षे केव्हाच सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी प्रकरणात स्पष्ट केले की सुगमतेचे किमान निकष हे ऐच्छिक शिफारशी राहू शकत नाहीत. तेव्हा आमच्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी उतरंड बांधणे हा दानधर्म समजू नये. ते थकलेले देणे आहे.

हे आम्ही भोपाळातून, बाग सेवनियातून लिहीत आहोत, याला अर्थ आहे. १९८४ च्या डिसेंबरातील एका रात्रीत या शहराने धडधाकट देह कसे कायमचे मोडतात हे पाहिले. त्या रात्री कोणाच्याही पूर्वकर्माची चौकशी झाली नव्हती. वारा ज्या दिशेने वाहिला तिकडची माणसे पडली. अपंगत्व म्हणजे संचिताचे फळ, असे देवळाच्या ओसरीवर बसून सहज बोलणाऱ्यांनी या शहरात येऊन ते बोलून दाखवावे.

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘विकलांग’ ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि तो आम्ही तत्परतेने उचलला, कारण शब्दाला खर्च येत नाही. आमचे मागणे खर्चाचे आहे. येत्या उत्सवात ‘विशेष’ हा शब्द कार्यक्रमपत्रिकेतून काढावा. नर्तकीचे नाव, तिच्या गुरूचे नाव आणि नृत्याचा प्रकार एवढेच छापावे. तालीम त्याच रंगमंचावर व्हावी, मानधन इतरांइतकेच असावे, आणि वर जाण्यास उतरंड असावी. चार पायऱ्यांशेजारी उतरंड बांधण्यास जो खर्च येईल, तो एका वर्षीच्या मंडपाच्या रोषणाईतून सहज निघावा. ती बांधून होईपर्यंत कार्यक्रम जमिनीवर, प्रेक्षकांच्या पातळीवर करावा. कलावंत वर चढू शकत नसेल तर रंगमंचाने खाली उतरावे; देवाने भक्तांसाठी ते अनेकदा केले आहे.