परमुलखातील आप्त

परदेशी निघालेल्या मनुष्याकडे लोक नाना प्रकारची चौकशी करतात. तेथे थंडी किती पडते, पगार काय मिळणार, भाकरीचे पीठ मिळते की नाही, असे प्रश्न त्याच्याभोवती दाटतात. मध्यरात्री ताप भरला तर दार कोणाचे ठोठवावयाचे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आणि खरे पाहता तोच सर्वांत अवघड आहे. गावात त्याचे उत्तर शोधावे लागत नाही. भिंतीपलीकडे काकू असते, समोरच्या ओसरीवर आजोबा खोकत बसलेले असतात, हाक मारली की चार माणसे कंदील घेऊन धावतात. परमुलखात हाक मारता येते, पण ती ऐकून ओ देणारे कोणी असेल याचा भरवसा नसतो.

वाशिम जिल्ह्यातील मालेगावचा तरुण पूर्वी फार तर अकोल्यास किंवा नागपुरास शिकावयास जाई. आता तो पुण्याहून पुढे विमानाने लंडन, बर्लिन किंवा शिकागोही गाठतो. जाताना त्याला प्रथम एक गंमतीची अडचण येते. मालेगाव म्हटले की ऐकणारा नाशिक जिल्ह्यातले मोठे मालेगाव समजतो, आणि मग आपले मालेगाव ते नव्हे, वाशिमकडचे, हे त्याला समजावून सांगावे लागते. नागपुरात तो हे मोठ्या अभिमानाने सांगतो; पुण्यात थोडक्यात आटोपतो. परंतु लंडनच्या रस्त्यात नाशिककडचा मालेगावकर भेटला, तर दोघेही गळ्यात गळा घालतील यात संशय नाही. मालेगावात असताना मेडशीचा किंवा शिरपूरचा मनुष्य 'बाहेरगावचा' असतो. पुण्यात अकोल्याचा मनुष्य 'आपल्याकडचा' होतो. लंडनला कोकणातला, खानदेशातला, बेळगावचा, कोणीही मराठी बोलणारा 'आपला' ठरतो. घरापासूनचे अंतर जसजसे वाढते, तसतसा 'आपला' हा शब्द मोठा होत जातो. मनुष्य तोच, त्याचे मन तेच. मग घरी असताना त्या शब्दाला एवढे कुंपण का घालावे, असा प्रश्न कोणाही विचारी माणसास पडावा.

मालेगावहून फार लांब नसलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात सन १९१०च्या सुमारास राधाबाई नावाच्या मुलीचा जन्म झाला. शाळेचे तोंड तिने पाहिले नाही. लग्न झाले, मुली झाल्या आणि ऐन उमेदीत वैधव्य आले. पुढे लंडन येथे राहणाऱ्या सीतारामपंत वनारसे यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला, आणि ज्या बाईने कधी मोठे शहर धड पाहिले नव्हते ती सातासमुद्रापलीकडच्या महानगरात येऊन पडली. इंग्रजी भाषेचा गंध नाही, अंगावर नऊवारी लुगडे, आणि काही वर्षांतच दुसऱ्या पतीचेही निधन झाले. अशा स्थितीत पहिले जहाज पकडून घरी परतणे हेच कोणीही केले असते. राधाबाई राहिल्या. त्यांच्या हाती एकच विद्या होती, ती चुलीपुढची. त्या विद्येवर त्यांनी लंडनमध्ये खानावळ चालविली. शिकावयास आलेली, घरच्या अन्नासाठी आसुसलेली मुले त्यांच्या पंक्तीला बसू लागली आणि राधाबाई वनारसे सर्वांच्या 'आजीबाई' झाल्या. सन १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. सरोजिनी वैद्य यांनी 'कहाणी लंडनच्या आजीबाईंची' या पुस्तकात त्यांचे चरित्र लिहिले आहे.

या कहाणीतील एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. आधाराची गरज सर्वांत अधिक कोणाला होती? पोरक्या झालेल्या आजीबाईंनाच. पण आपल्याला आधार कोण देईल, हे विचारीत त्या दारोदार फिरल्या नाहीत. जे जवळ होते ते त्यांनी पानात वाढले, आणि त्या पानाभोवती माणसे जमली. वऱ्हाडातील माणसाला हे निराळे सांगावयास नको. मालेगाव तालुक्यातील डव्हा येथे श्रीनाथनंगे महाराजांच्या यात्रेत महाप्रसादाच्या पंगती बसतात, तेव्हा शेजारी बसलेला कोण, कोठला, हे कोणी विचारीत नाही. आणि उठण्यापूर्वी त्याची ओळख झालेली असते.

एकट्याने एकट्याला शोधण्यापेक्षा सर्वांनी मिळून काही व्यवस्था करावी, हा विचारही परदेशातील मराठी माणसांना लवकरच सुचला. लंडनचे महाराष्ट्र मंडळ सन १९३२ मध्ये स्थापन झाले. त्यास साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांचा पुढाकार लाभला होता. अमेरिकेत ठिकठिकाणची मंडळे निघाल्यावर त्यांना एकत्र जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ सन १९८१ मध्ये उभे राहिले. गणेशोत्सव, दिवाळी, नाटके, मुलांसाठी मराठीच्या शाळा, असे पुष्कळ कार्य ही मंडळे करीत असतात व ते स्तुत्यच आहे. तथापि मंडळाची खरी परीक्षा उत्सवाच्या दिवशी होत नाही. आरास किती सुंदर झाली यापेक्षा, गेल्या आठवड्यात नव्याने आलेला बुजरा विद्यार्थी कोपऱ्यात एकटाच प्रसाद खाऊन परत गेला की काय, हे पाहिले पाहिजे. जुने सभासद आपसांतच गप्पा मारीत बसले आणि नवख्याला कोणी नावसुद्धा विचारले नाही, तर तेथे शंभर माणसांच्या गर्दीतही त्याला आपल्या खोलीपेक्षा अधिक एकाकी वाटेल.

केवळ रक्त, धर्म किंवा भाषा एक असली म्हणजे आपलेपणा आपोआप मिळतो, ही समजूतही तपासून पाहावी लागते. कोकणात शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायली लोक धर्माने यहुदी व भाषेने मराठी. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. सन १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र निर्माण झाल्यावर त्यांच्यातील पुष्कळ कुटुंबे आपल्या धर्मबांधवांच्या देशात मोठ्या आशेने जाऊन राहिली. तेथे त्यांना काय अनुभव आला? विवाहाच्या बाबतीत त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेण्यात आली. आपल्याच घरी आपण पाहुणे ठरावे, याहून मोठे दुःख कोणते? त्यांनी निषेध केला, आंदोलन केले, आणि अखेर सन १९६४ मध्ये ते सर्व बाबतींत पूर्णतया यहुदी आहेत असे तेथील सरकारने जाहीर केले. या कसोटीच्या काळात ते एकमेकांना धरून राहिले. गोड पोह्यांचा 'मलिदा' करून एलिया हन्नाबीचे स्मरण करण्याची कोकणातील चाल त्यांनी तिकडेही सोडली नाही, आणि 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे चालविले. ज्या धर्माच्या ओढीने ते गेले त्याने त्यांना ताटकळत ठेवले. भाकरीबरोबर नेलेली भाषा मात्र उपयोगी पडली.

मॉरिशसची हकिकत याहून जुनी. सन १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर कराराने मजूर नेण्यात आले, त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांना निरोप देणारे मंडळ नव्हते, की उतरवून घेणारे आप्त नव्हते. अशा वसाहतींत एका जहाजातून आलेले लोक एकमेकांना 'जहाजी भाई' मानीत. प्रवासानेच त्यांना भावकी दिली. आज त्या देशात गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

येथे कोणी म्हणेल की, मग परदेशी आपल्याच माणसांत राहावे हे उत्तम. हे मत अर्धेच खरे आहे. आईच्या भाषेतील चार शब्द कानी पडले म्हणजे मनाचा शीण जातो, हे नाकारता येणार नाही. पण जो मनुष्य दहा वर्षे एखाद्या नगरात राहून शेजारच्या बिऱ्हाडाचे नाव जाणत नाही, तो त्या नगरात राहिला असे कसे म्हणावे? तो आपले गाव गाठोड्यात बांधून तेथे बसला, एवढेच. शिवाय ही गोष्ट केवळ येणाऱ्याच्या हाती नसते. नगरानेही दार उघडावे लागते. मालेगावातही बदलून आलेल्या कारकुनाचे कुटुंब असते, दुसऱ्या प्रांतातून आलेला मजूर असतो. त्याची मुलगी वर्गात शेवटच्या बाकावर बसते, तिचे मराठी अडखळते आणि कोणी हसते. मालेगावची मुले ज्या दिवशी बर्लिनच्या शाळेत बसतील, त्या दिवशी ती याच बाकावर असतील.

आनंदीबाई जोशी या बाबतीत भाग्यवान ठरल्या. अमेरिकेत शिक्षणाची सोय व्हावी म्हणून त्यांचे पती गोपाळराव यांनी लिहिलेले पत्र तेथील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाईंनी ते वाचले आणि अनोळखी हिंदू मुलीला आपण होऊन पत्र धाडले. देश निराळा, धर्म निराळा, वर्ण निराळा. पण पत्रे जाऊ-येऊ लागली आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. सन १८८३च्या जून महिन्यात, वयाच्या अठराव्या वर्षी, आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, आणि याच मावशीच्या घरी राहिल्या. शाकाहार व लुगडे न सोडता त्या त्या घरच्या झाल्या; तेथून फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात गेल्या आणि सन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा क्षयाने अंत झाला, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेस मावशीकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पॉकिप्सी येथे कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत, त्या घरच्या माणसांच्या शेजारी, त्या ठेवल्या आहेत व वर आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे.