विश्लेषण: अंटार्क्टिकावर दिवाळीची सुट्टी मिळते, मग घरी का येता येत नाही?

दिवाळीत पुण्याहून नागपूरला यायचं तर रेल्वेचं वेटिंग आणि ट्रॅव्हल्सचं दुप्पट-तिप्पट भाडं ठरलेलं. तरी माणूस शेवटी घरी पोहोचतो. अंटार्क्टिकावरच्या 'मैत्री' आणि 'भारती' या भारतीय केंद्रांवर हिवाळ्यासाठी थांबलेल्यांना मात्र कितीही पैसे मोजले तरी निघता येत नाही.

नागपूरचं या खंडाशी नातं जुनं आहे. नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत होत्या. त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या महिला. याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचं पहिलं केंद्र उभं राहिलं. पंत उन्हाळा संपताना परतल्या, पण १९८४ मध्ये पहिली तुकडी हिवाळ्यासाठी मागे थांबली आणि वर्षाचे सण तिथेच काढायची वेळ आली.

दार कधी बंद होतं?

तिथला उन्हाळा साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शेवटचं जहाज परत फिरलं की समुद्र गोठतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ये-जा थांबते. मे अखेरीपासून 'मैत्री'वर जवळपास दोन महिने सूर्य उगवतच नाही. पाडवा, गणपती, दसरा सगळे याच काळात येतात. इकडे घरी कुणी आजारी पडलं किंवा गेलं, तरी फोनवरच रडायचं. 'इस्रो'च्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये 'भारती'वर ४०३ दिवस राहिल्या, तुकडीत त्या एकट्याच महिला होत्या.

दिवाळी येईपर्यंत उजेड परतलेला असतो, तोही सोळा तासांहून जास्त. मग पणती लावायची कधी? मुळात लावायची का, हाही प्रश्नच. हवा कोरडी, वारा जोराचा आणि जळालं तर जायला दुसरी जागा नाही, त्यामुळे आगीला सगळेच घाबरतात. शाडूची मूर्ती न्यायची म्हटलं तरी अडचण आहे. १९९१ च्या माद्रिद करारानुसार बाहेरची निर्जंतुक न केलेली माती शक्य तितकी येऊ द्यायची नाही, आणि परवान्याशिवाय परकी रोपंही नाहीत.

सुट्टी असली तरी हवामानाच्या नोंदी चुकत नाहीत आणि जनरेटरकडे कुणीतरी बघावंच लागतं. त्यामुळे सण म्हणजे मुख्यतः सगळ्यांनी एकत्र बसून जेवणं. तिथला सर्वात मोठा सण तर आपल्या कालनिर्णयात नाहीच! तो २१ जूनच्या सुमाराचा, म्हणजे ऐन हिवाळ्याच्या मध्याचा दिवस. त्या दिवशी वेगवेगळ्या देशांची केंद्रं एकमेकांना शुभेच्छा पाठवतात.

हे वरवरचं वाटेल, पण तसं नाही. २०२५ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेच्या 'सनाए-४' केंद्रातल्या एकाने ईमेल करून सहकाऱ्याने मारहाण केल्याची आणि भीती वाटत असल्याची तक्रार केली. हे केंद्र 'मैत्री' आहे त्याच क्वीन मॉड लँड भागातलं. सरकारने मानसतज्ज्ञांमार्फत दुरूनच तुकडीशी संवाद ठेवला. आपल्याकडे निवडीआधी मानसिक तपासणी होते, औलीला बर्फातलं प्रशिक्षण होतं. पण निघताना ठणठणीत असलेला माणूस आठव्या महिन्यात कसा असेल, हे कुठली तपासणी सांगणार? तिथे एकत्र जेवणाचा दिवसच उपयोगी पडतो.

'मैत्री' १९८९ पासूनचं, आता जुनं झालेलं. नवं 'मैत्री-२' उभारण्याचा इरादा भारताने मे २०२४ मध्ये कोचीतल्या अंटार्क्टिक करार बैठकीत मांडला. चर्चा इमारतीची आणि यंत्रांची होते. एकटं बसून घरी बोलायला खोली आणि सगळ्यांना मावेल असं जेवणघर यांचा विचारही तितकाच व्हायला हवा, असं मला वाटतं.

एप्रिल २०२४ पासून 'भारती'वर टपाल कार्यालय आहे. त्याचा प्रायोगिक पिन कोड 'एमएच-१७१८', म्हणजे महाराष्ट्राचाच. पण या दिवाळीचा चिवडा तिथे पोहोचवायचा असेल, तर तो गेल्या उन्हाळ्याच्या जहाजातच चढवायला हवा होता.