२२ पोरं, एक बॉल आणि लाखांदूरचं मैदान : फुटबॉल शिकवण्याची पद्धत का बदलायला हवी?

१४ डिसेंबर २०२५. मेस्सी वानखेडेवर आला, सचिननं त्याला १० नंबरची जर्सी दिली, रील्स व्हायरल झाल्या. त्याच कार्यक्रमात राज्य सरकारच्या 'प्रोजेक्ट महादेवा'ची सुरुवात झाली. १३ वर्षांखालची ३० मुलं आणि ३० मुली निवडायच्या आणि त्यांना पाच वर्षं शिष्यवृत्तीसह प्रशिक्षण द्यायचं, अशी ही योजना.

त्याच्या दोनच महिने आधी, १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरनं भारताला २-१ नं हरवलं होतं आणि २०२७ च्या आशिया चषकाचं दार आपल्यासाठी बंद झालं होतं. त्यामुळं लहान वयात खेळाडू हेरायची कल्पना चांगलीच आहे. पण प्रश्न असा आहे की, ६० मुलं निवडायची तर ती कुठून निवडायची? भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरसारख्या तालुक्यातलं पोरगं त्या चाचणीपर्यंत पोहोचेल तेव्हा त्याच्या पायाला बॉलची सवय किती असेल?

आधी गणित समजून घेऊ

शाळेत फुटबॉल म्हटलं की दोन गट पाडायचे, मोठं मैदान, एक बॉल. ११ विरुद्ध ११. तासाभराच्या खेळात बॉल सगळ्यांना अगदी समान वाटून दिला, तरी एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नाहीत. प्रत्यक्षात वाटणी समान होत नाही. दोन-तीन चपळ पोरं बॉल घेऊन पळतात, बाकीचे मागं धावतात आणि गोलकीपर गवत उपटत बसतो.

आता तेच ४ विरुद्ध ४ करा. तेवढ्याच तासात एकेकाचा वाटा साडेसात मिनिटांवर जातो. 'स्मॉल-सायडेड' म्हणजे छोट्या संघांच्या खेळामागचं मूळ कारण एवढंच आहे.

मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीत लहान मुलांवर याचा प्रयोग झाला होता. ८ विरुद्ध ८ च्या तुलनेत ४ विरुद्ध ४ मध्ये पास १३५ टक्क्यांनी वाढले, गोलचे प्रयत्न २६० टक्क्यांनी आणि समोरच्याला चकवण्याच्या हालचाली २८० टक्क्यांनी. जर्मनीनं तर २०२४-२५ च्या हंगामापासून सगळ्यात लहान गटांसाठी छोटे संघ सक्तीचे केले आणि त्या वयाची गुणतालिकाच काढून टाकली.

आपल्याकडं हे झालंय का?

झालंय, आणि विदर्भातच. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी वस्तीतली पोरं भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना बघितली. त्यातून २००१ मध्ये 'स्लम सॉकर' उभं राहिलं. 'झुंड' सिनेमा याच कामावर बेतलेला. ज्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये ही पोरं खेळायला गेली, तो चौघाचौघांचा असतो. मैदान २२ बाय १६ मीटर, सामना १४ मिनिटांचा. २०१६ मध्ये फिफानं स्लम सॉकरला डायव्हर्सिटी अवॉर्ड दिलं.

मग लाखांदुरात काय करता येईल?

चुलबंद आणि वैनगंगेच्या काठचा हा धानाचा तालुका. मोठं, सपाट मैदान प्रत्येक गावात मिळणार नाही. पण ३० बाय २० मीटरची जागा शाळेच्या पटांगणात सापडते. धान निघाल्यावर जिथं लाखोरी किंवा उन्हाळी धान घेतलेलं नाही, तिथं मालकाला विचारून रिकामी बांधीही चालते. फक्त धसकटं आधी काढा, नाहीतर पाय फाटतील.

१६ पोरं असतील तर चौघांचे चार संघ करा. चुन्यानं दोन मैदानं आखा, गोलला विटा ठेवा. ८ ते १२ वयाला चार नंबरचा बॉल पुरतो. सामना चार मिनिटांचा, मग दोन मिनिटं पाणी आणि संघांची अदलाबदल. तासाभरात प्रत्येक जण दहाएक सामने खेळतो. रांगेत उभं राहणं नाही, शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या नाहीत.

शिकवायचं काम नियम बदलून होतं :

- दोनच टच : बॉल येण्याआधीच पोरगं आजूबाजूला बघायला शिकतं.
- एका बाजूला दोन गोल : एकीकडं गर्दी झाली की खेळ दुसरीकडं वळवायची सवय लागते.
- चौघांचा पाय लागल्याशिवाय गोल नाही : नवख्या पोरांनाही बॉल मिळतो.
- एक 'जोकर' : बॉल ज्यांच्याकडं, तो त्यांच्या बाजूनं. पास द्यायला एक माणूस जास्त मिळतो.

शिकवणाऱ्यानं सतत ओरडून पास कुणाला द्यायचा ते सांगू नये. ते पोराला स्वतःला ठरवू द्यायचं, सरावाचा फायदा त्यातच आहे.

यानं सगळं होईल का?

नाही. लांब पास, हेडर, मोठ्या मैदानावर जागा धरून खेळणं हे छोट्या मैदानावर येत नाही. म्हणून १२-१३ वयानंतर ७, मग ९, मग ११ असं वाढवत न्यावं लागतं. विदर्भातल्या उन्हात सराव सकाळी नाहीतर सांजेलाच.

खरी अडचण माणसांची आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या शाळेला शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ निदेशक मिळतो, तोही पट १०० च्या वर असेल तर. लहान गावांतल्या शाळा इथंच बाद होतात. आणि शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या. तालुक्याला पहिला सामना हरला की वर्ष संपलं. लाखांदूरच्या एखाद्या मुलीचा वर्षाचा फुटबॉल असा एका दुपारीच आटोपू शकतो.

तालुका स्पर्धेच्या जोडीला एक दिवस ४ विरुद्ध ४ चा मेळावा ठेवला, तर हरलेला संघही पाच-सहा सामने खेळून घरी जाईल. त्याला स्टेडियम लागत नाही. चुना, विटा, चार बॉल आणि एक तयार शिक्षक लागतो.

६० मुलं निवडणं हे सरकारचं काम झालं. पण निवडायला समोर ६० हजार खेळणारी मुलं हवीत, आणि ती गावागावांतल्या अशा छोट्या मैदानांवरच तयार होतील.

तुमच्या गावात मुलं-मुली फुटबॉल खेळतात का? कुठं आणि कसं, कमेंटमध्ये सांगा.