गाजर गवत कोणी आणले, आणि ते कोणाच्या अंगावर उठले?

१/१२
गाजर गवताचा विषय निघाला की इतिहासप्रेमी मंडळींत एकच वाद रंगतो: हे भारतात आणले कोणी? त्या प्रश्नाचा परामर्श या धाग्यात घेऊच. मात्र सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुसरा आहे, असे माझे मत आहे. हे गवत कोणाच्या अंगावर उठले, आणि त्याची नोंद कोणी ठेवली?

२/१२
प्रथम प्रचलित कथा. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतील गव्हाबरोबर हे बी आले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. आता तारखा पाहा. हा अमेरिकी कायदा १९५४चा आणि त्याखालील भारताशी झालेला करार १९५६चा. पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर ही तुरळक झाडे प्रा. परांजपे यांच्या दृष्टीस पडली ती १९५१ साली. राव यांनी त्यांचे वृत्त प्रसिद्ध केले १९५६ साली. त्याही फार पूर्वी, १८१४ साली, रॉक्सबर्ग यांच्या कलकत्त्याच्या उद्यानातील वनस्पतींच्या यादीत हे नाव आढळते.

३/१२
अमेरिकी धान्य १९५४ पूर्वीही भारतात येत होते. त्यामुळे बी धान्यातून आले असणे अशक्य नाही. ते पीएल-४८०बरोबर प्रथम आले, हे मात्र तारखांत बसत नाही. ‘काँग्रेस गवत’ या नावाचीही अशीच गंमत आहे. कोणी ते अमेरिकेच्या काँग्रेसशी जोडतो, कोणी पांढऱ्या फुलांमुळे पांढऱ्या टोपीशी. दोषारोपाची हौस नावातच रुजलेली आहे. या हौसेपायी गवताचा प्रवास आपण बारकाईने तपासला आणि ज्या हातांनी ते उपटले, ते हात मात्र तपासायचे राहिले.

४/१२
हे गवत शरीरास करते काय? त्याच्या पानांवरील व देठांवरील बारीक लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. पहिल्या संपर्कात बहुधा काहीच होत नाही. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे संपर्क येत राहिला की काहींच्या शरीराची संरक्षण यंत्रणा त्या द्रव्यास शत्रू म्हणून ओळखू लागते. मग पापण्या, मान, कोपराच्या घड्या यांवर खाज, लाली, चट्टे उठतात. हवेतून येणारी वाळल्या पानांची भुकटीही त्यास पुरते. परागकणांनी शिंका व दमा जडतो तो वेगळाच. एकदा जडलेली ही संवेदनशीलता सहसा सोडून जात नाही. काहींना पुढे शेवंती व सूर्यफूलही सोसेनासे होते.

५/१२
आता सोलापूरची शेती डोळ्यांसमोर आणा. हा रब्बी ज्वारीचा मुलूख. पावसाळ्यात कितीतरी राने पड ठेवायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, ही येथली जुनी रीत. नेमक्या त्या पडीक महिन्यांत गाजर गवत फोफावते. एकेक झाड हजारोंनी बी टाकते. पेरणीपूर्वी रान स्वच्छ करायचे, बांध झोडायचे, पुढे खुरपायचे. हे सारे उघड्या हातांनी. ज्यांना हा त्रास जडतो त्यांना डॉक्टरांचा पहिला सल्ला रास्तच असतो: गवतापासून दूर राहा. मजुराच्या बाबतीत त्या सल्ल्याचा अर्थ ‘हजेरी बुडवा’ असा होतो.

६/१२
आपली भाषा येथे काय सुचवते, तेही पाहण्याजोगे आहे. अंगावर गांधी उठल्या की आपण म्हणतो, ‘पित्त उठले’. म्हणजे दोष आतला, त्याच्या प्रकृतीचा. इतरांना होत नाही आणि हिलाच होते, तर ही ‘नाजूक’. उपचार न घेता दुखणे सहन करण्यास आपण ‘अंगावर काढणे’ म्हणतो, आणि तसे काढणाऱ्याचे कौतुकही करतो. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला, तो बदललेल्या प्रतिक्रियेसाठी. प्रतिक्रिया म्हटली की आधी बाहेरची क्रिया आली. ‘पित्त’ म्हणताना ती बाहेरची क्रिया आपल्या नजरेतून निसटते.

७/१२
सोलापूरला हा अनुभव नवा नाही. गवताच्या पाऊणशे वर्षे आधी येथे कापसाची धूळ आली. १८७०च्या दशकात मोरारजी गोकुळदास यांनी उभारलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजेच आपली ‘जुनी मिल’, आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांवर हे शहर वाढले. कापूस पिंजताना उडणाऱ्या धुळीत जिवाणूंचे विषारी अंश असतात. त्यांनी फुप्फुसातील संरक्षक पेशी चेतवल्या जातात व छाती आवळते. या विकाराचे नाव बिसिनोसिस. काटेकोर अर्थाने ही ॲलर्जी नव्हे. पण शरीराने आसपासच्या हवेस दिलेले उत्तर ते हेच. याची खूण विलक्षण आहे: साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी त्रास सर्वाधिक.

८/१२
जुन्या मिलचे नाव विधी शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. १९४९ साली ती बंद पडली, सरकारने तिचा कारभार हाती घेतला, आणि चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर १९५०मधील तो निकाल समानतेच्या हक्कावरील आरंभीच्या निकालांत गणला जातो. भागधारकाच्या हक्काला तारीख आहे, खटल्याचे नाव आहे, पाठ्यपुस्तकात जागा आहे. पिंजण खात्यात उभ्या असलेल्या माणसाच्या छातीला यांतले काय मिळाले?

९/१२
कायद्याने काहीच केले नाही, असे मात्र नाही. १९४८च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, शासनास कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत, बिसिनोसिसचा समावेश झाला. रसायने व रंग यांच्या संपर्काने होणारा त्वचादाहही तेथे आला. परंतु या कायद्याने विजेवर चालणारी जागा ‘कारखाना’ मानली ती किमान १० कामगार असतील तरच. चादरी व टॉवेल विणणारी चार मागांची शेड त्या व्याख्येबाहेर राहिली. शेताचा बांध तर कारखाना नव्हेच. एकच त्वचा, रंगाने भाजली तर नोंदणीयोग्य, गवताने भाजली तर प्रकृतीचा दोष!

१०/१२
इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. वैद्याने रोग्यास जे प्रश्न विचारायचे त्यांत त्यांनी एकाची भर घातली: तू काम कोणते करतोस? सव्वातीनशे वर्षांनंतरही माझी मागणी एवढीच साधी आहे. अंगावर चट्टे किंवा छातीत आवळ घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर नाव-वयाखाली त्याचे कामही लिहिले जावे. ‘शेतमजूर’, ‘माग कामगार’, ‘विडी कामगार’ हे शब्द शेकडो कागदांवर एकाखाली एक येतील, तेव्हा ‘नाजूक प्रकृती’ हे स्पष्टीकरण टिकणार नाही.

११/१२
दुसरी मागणी. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला जबलपूरच्या तण संशोधन निदेशालयातर्फे गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. उद्देश उत्तम आहे. पण अशा उत्साहात विद्यार्थ्यांना रिकाम्या हातांनी गवत उपटायला लावणे, म्हणजे नव्या शरीरांस त्या द्रव्याची ओळख करून देणे होय. गवत फुलण्यापूर्वी, ओल्या रानातून, हातमोजे व पूर्ण बाह्यांनिशी उपटावे. ज्यांना पूर्वी त्रास झाला आहे त्यांना दूर ठेवावे. मेक्सिकन भुंगे सोडणे आणि तरोट्यासारखी स्पर्धक झाडे वाढवणे हे उपाय माणसाच्या कातडीची किंमत मागत नाहीत. त्यांना अग्रक्रम हवा.

१२/१२
काही जण म्हणतील, हा इतिहास कसला? हे तर आरोग्याचे काम. मला तसे वाटत नाही. गडांची नोंद शिलालेखांत सापडते. धुळीची नोंद शरीरांत असते, आणि ती शरीरे आता वृद्ध झाली आहेत. तुमच्या घरी वा गल्लीत गिरणीत राबलेले आजोबा असतील, खुरप्यावर हयात घालवलेली आजी असेल, तर त्यांना नेमके विचारा: सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती कशी असायची? कोणत्या महिन्यात अंगावर उठायचे? तेव्हा काम सोडले, की अंगावर काढले? गाव, खाते, अंदाजे साल यांसह उत्तरे लिहून ठेवा. गवत कोणी आणले, हा वाद त्यानंतर सवडीने घालता येईल.