हिशेबात मुलगी कुठं?

मैत्रिणींनो, चिंतामणराव देशमुख म्हटलं की आठवतो १९५६ सालचा, मुंबईच्या प्रश्नावर दिलेला अर्थमंत्रिपदाचा राजीनामा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरही तेच. मला मात्र त्यांचं पुढचं काम जास्त मोलाचं वाटतं. ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. देशाची तिजोरी सांभाळलेला माणूस आता उच्च शिक्षणासाठी पैसा वाटू लागला. आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई? १९५८ साली नेमलेल्या स्त्रीशिक्षण समितीच्या त्या अध्यक्षा! मुलींचं शिक्षण हा खास प्रश्न माना, त्यासाठी वेगळा पैसा काढा, असं समितीनं सरकारला बजावलं. आपल्या घरात काय चाललंय? मुलाच्या क्लासची फी आधीच बाजूला निघते. मुलीच्या कॉलेजचं मात्र ‘बघू पुढं’!