लाखोरी किती आणि कोणाच्या ताटात?

आमच्या उकव्याकडे पाहुणे आले की डाळीकडे बघून एक प्रश्न हमखास येतो, ‘ही लाखोरी तर नाही ना?’ शहरात वाढलेल्या मुलांना नावच ठाऊक नसतं, म्हणून जरा सविस्तर.

धान उभं असतानाच ओलीवर बी फेकायचं. नांगरणी नाही, पाणी नाही. दुष्काळात बाकी सगळं गेलं तरी लाखोरी उरते, आणि तिथेच घात होतो. तिच्यातलं ओडॅप नावाचं द्रव्य मज्जातंतूंना बाधतं. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली की पाय कायमचे लुळे पडतात. सागर भागातल्या अशा माणसांची नोंद स्लीमनने १८४४च्या पुस्तकात केली आहे.

१९६१मध्ये केंद्राने विक्रीबंदीचा नियम केला, पण लागू कधी करायचा ते राज्यांवर सोडलं. महाराष्ट्राने २००८मध्ये बंदी उठवली. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने ‘महातिवडा’ हे कमी ओडॅपचं वाण काढलं.

खाद्यरंगांचा हिशेबही मात्रेचाच. प्राण्यांना ज्या मात्रेने अपाय दिसत नाही, तिचा साधारण शंभरावा भाग माणसाला रोज चालेल असं धरतात. पण हा हिशेब चार पदार्थ खाणाऱ्याला लागू. रीवा भागात वेठबिगारांना मजुरीच लाखोरीत मिळायची! त्यांच्यासाठी दुकानातली बंदी काय कामाची?

घरी शिजवायचीच तर गरम पाण्यात भिजवा आणि ते पाणी फेकून द्या, बरंच ओडॅप त्यात उतरतं. सगळं मात्र नाही.