होस्टेलला एक ड्रिल मशीन द्या!

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी भोक पाडलंय. पिलर ड्रिलवर, जॉब व्हाइसमध्ये आवळून, शेजारी इन्स्ट्रक्टर उभे. होस्टेलवर मात्र नियम एकच : भिंतीला हात लावायचा नाही. तरी सेमिस्टर सुरू झालं की दुसऱ्याच आठवड्यात कुठल्यातरी रूममधून घर्रर्र आवाज येतोच! मशीन कुणाकडून तरी उसनं आणलेलं, पिन गायब, वायरची टोकं सॉकेटमध्ये काड्या खोचून बसवलेली, आणि आमचा गडी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभा. बंदीने भोकं थांबत नाहीत, ती फक्त चोरून आणि वेडीवाकडी पडतात. म्हणून माझं म्हणणं, होस्टेलने स्वतःचं एक चांगलं मशीन ठेवावं आणि ते वापरायला शिकवावं.

उलव्यात तर याची गरज जास्तच. इथल्या नव्या इमारती म्हणजे गावाकडचं विटांचं घर नव्हे. बामणडोंगरीला सिडकोने २०२२ मध्ये ९६ दिवसांत ९६ फ्लॅटची इमारत उभी केली, ती प्रीकास्ट पद्धतीने. म्हणजे काँक्रीटचे तयार भाग आणून जोडले. बऱ्याच टॉवरमध्ये मायवान शटरिंग लावून भिंत स्लॅबबरोबरच ओततात. अशा भिंतीवर साधं ड्रिल लावलं की बिट तापून निळं पडतं, भोक मात्र अर्धा इंच! मग पोरं छातीने रेटतात. रेटून काही होत नाही. काँक्रीट कापलं जात नाही, ते ठोकून फोडावं लागतं. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून छोटे छोटे ठोके देतात, विटेला तेवढे पुरतात. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवेच्या दाबाने हातोडी मारतो. तिथे मशीन फक्त सरळ धरायचं, बाजूचं हँडल लावून, दोन्ही हातांनी.

भोक छान चाललंय आणि मध्येच बिट पुढे जाईना, आवाज बदलला, तर समजायचं की सळई लागली. जोर लावू नका, बिट अडकलं तर मशीन मनगट पिरगाळतं. शिवाय ती सळई इमारतीची आहे, आपल्या शेल्फची नाही! दोन-तीन इंच सरकून नवीन भोक घ्या. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत तर मुळीच नको, कारण वायरचे पाइप बहुधा तिथूनच जातात. ओतलेल्या भिंतीत ते कुठूनही गेलेले असू शकतात, म्हणून त्या खोलीचा एमसीबी पाडायचा आणि मशीनला सप्लाय दुसऱ्या खोलीतून घ्यायचा. बाथरूमच्या मागच्या भिंतीत पाण्याचे पाइप असतात, तिकडे फिरकूच नका.

प्रोजेक्टवाल्यांचं दुखणं वेगळं. पट्टी एका हातात, मशीन दुसऱ्या हातात! बिट पलीकडे बाहेर पडतं त्या क्षणी ते धातूत चावतं आणि पट्टी पात्यासारखी गरकन फिरते. क्लॅम्प नसेल तर भोक पाडू नये, इतकं साधं आहे. आणि वेग? कटिंग स्पीडचं सूत्र व्हायवाला सगळे धडाधड म्हणतात, हातात ट्रिगर आला की विसरतात. माइल्ड स्टीलला मिनिटाला २५ मीटर धरले तर १० मिलिमीटरच्या एचएसएस बिटला साधारण ८०० आरपीएम पुरतात. हातातलं मशीन पूर्ण दाबलं की अडीच-तीन हजारांवर जातं. म्हणून सेंटर पंच मारा, आधी बारीक बिट, मग मोठं, ट्रिगर हलका आणि दोन थेंब तेल.

आता कपड्यांचं. गळ्यातली आय-कार्डची रिबन आधी काढा. ओढणी, मोकळे केस, लोंबणाऱ्या बाह्या यांचंही तेच. हातमोजे घातले की सुरक्षित असं पुष्कळांना वाटतं, पण फिरत्या बिटात मोजा गुंडाळला गेला तर बोटही त्याच्यामागे जातं. मोजे नकोत. गॉगल मात्र हवाच आणि काँक्रीटच्या धुळीला मास्क. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसातून परत निघत नाही. चकची किल्ली मशीनच्या पिनजवळ बांधून ठेवा. बिट बदलायचं म्हणजे पिन काढावीच लागेल, आणि किल्ली चकमध्ये राहून उडण्याचा प्रश्नच मिटेल.

रेक्टर सरांना आणि वर्कशॉपच्या सरांना विनंती अशी. एक रोटरी हॅमर, एक साधं ड्रिल, दोन गॉगल, दोन क्लॅम्प, बिटांचा डबा आणि एक रजिस्टर. गॅदरिंगच्या डीजेपेक्षा हे नक्की स्वस्त पडेल. सप्लाय ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरून द्यावा. भिंतीत भोक घ्यायचं तर जागा आधी रेक्टर सरांनी बघावी, इमारत भाड्याची असेल तर मालकाची परवानगी. शनिवारी दुपारी दोन तास वर्कशॉप उघडं ठेवलं तरी पुरे. सरावाला भिंत कशाला हवी? सिव्हिलच्या लॅबमागे १५० मिलिमीटरचे काँक्रीटचे क्यूब पडलेलेच असतात. ज्याने क्यूबमध्ये नीट, सरळ, प्लगच्या मापाचं भोक पाडून दाखवलं त्याचं नाव रजिस्टरमध्ये, आणि मशीन फक्त त्याच्याच सहीवर मिळेल. मुलींच्या होस्टेललाही हाच नियम. तिकडे शेल्फ लावायला दरवेळी वॉचमनकाकांची वाट का बघायची?